पाऊण मिनिटाचं गाणं

कवळीवाले दिवसभर दात घासत बसायचे. स्वतःचे नव्हे हो, लोकांचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं घेऊन पाठवायचे, आणि हे आपल्या छोट्याशा लॅबमध्ये बसून मेणात एकेक दात रोवायचे, साचा भरायचे आणि तयार झालेली गुलाबी कवळी फिरत्या दगडावर धरून घासायचे. त्या मशीनचा आवाज कसा, तर डासाला लाऊडस्पीकर दिल्यासारखा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो आवाज कानात गेला की माणूस एकतर बहिरा होतो, नाहीतर त्याला कसलं तरी वेड लागतं. कवळीवाले बहिरे झाले नाहीत.

त्यांना हेडफोनचं वेड लागलं. आणि तेही साधंसुधं नाही. इलेक्ट्रोस्टॅटिक नावाचा एक खानदानी प्रकार असतो. साध्या हेडफोनमध्ये छोटासा पडदा एका कॉइलला चिकटून आतबाहेर ढकलला जातो. यात तसलं काही नाही. दोन जाळीदार पत्र्यांच्या मधे केसाहून पातळ फिल्म ताणून बसवलेली असते, तिच्यावर शेकडो व्होल्ट सोडतात, आणि ती नुसत्या विजेच्या ओढीनं थरथरते. वजन म्हणाल तर तिला जवळपास नाहीच, त्यामुळे गाणारीनं नुसते ओठ उघडले तरी ऐकू येतं. याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, तो तापायला वेळ लागतो, हवा दमट असली की एक बाजू रुसून बसते. एवढे चोचले कुणी जावयाचेसुद्धा करत नाही, असं कवळीवाल्यांची बायको म्हणायची, आणि त्यांचे स्वतःचे किती झाले होते ते आठवून कवळीवाले गप्प बसायचे.

या हेडफोनची आणखी एक खोड म्हणजे तो दोन्ही बाजूंनी उघडा असतो. फिल्म जेवढी कानाकडे हलते तेवढीच बाहेरच्या बाजूलाही हलते, म्हणजे आवाज जितका आत तितकाच बाहेर. हे या नादातल्या प्रत्येकाला माहीत असतं. कवळीवाल्यांनी त्याचा कधी विचार केला नव्हता, कारण खोलीत दुसरं कुणी नसायचं. पुढे खोलीत सासूबाई आल्या, तरीही केला नाही.

या नादात माणसं गाणी ऐकतात असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. ती हेडफोन ऐकतात. कवळीवाल्यांच्या गोटात चार-पाच जण होते. त्यांचा म्होरक्या एक वकील, कोर्टात अशिलाचं ऐकणार नाही पण हेडफोनची वायर बदलल्याचा फरक ऐकू आला म्हणून छातीवर हात ठेवून सांगेल असा. त्यानं सगळ्यांना एक पद्धत घालून दिली होती. दोन हेडफोन घ्यायचे. आवाज मोजायचं छोटं यंत्र लावून दोन्हींचा आवाज अगदी एकसारखा करायचा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, कान असा लबाड असतो. मग एकाच गाण्याचा एकच तुकडा आधी यावर, मग त्यावर, पुन्हा यावर. तुकडा छोटाच हवा, कारण कानाची आठवण फार तोकडी असते. पाऊण मिनिट वाजवायचं, थांबवायचं, पुन्हा पहिल्यापासून.

त्यासाठी वकिलानं एक गाणंही नेमून दिलं होतं. नदीकाठी उभी राहून एक बाई नावाड्याला हाका मारते, असं काहीतरी ते होतं. आधी गाणारी श्वास घेते, तो ऐकायचा. मग तारेवरून बोट सरकल्याचा चर्र आवाज, तो ऐकायचा. वाजवणाऱ्याची खुर्ची एकदा करकरते, ती कुठल्या बाजूला करकरते ते बघायचं. बाई एकदा हाक मारते, नाव लांब गेलीय. मग दुसऱ्यांदा मारते, आणि तिथं बंद करायचं, कारण त्यापुढे ढोलबिल सुरू होतात आणि गाणं तुलनेच्या कामाचं राहत नाही. कवळीवाल्यांनी ही पाऊण मिनिटं किती वेळा ऐकली असतील याला गणती नाही. पुढचं गाणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा त्या एकट्याच राहायच्या. हाड जुळेपर्यंत म्हणून लेकीनं त्यांना घरी आणलं. मेहुण्याचं घर तेव्हा दोन खोल्यांचं होतं, तिथं सोय नव्हती. कवळीवाल्यांच्या घरात मागच्या अंगाला एक खोली होती, रस्त्याचा आवाज न येणारी घरातली एकमेव, म्हणजे अर्थातच हेडफोनची. तिथंच खाट पडली. हाड जुळलं, काठी आली, आणि थोड्या दिवसांची वर्षं झाली. खाट भिंतीशी, टेबल खिडकीशी, मधे कवळीवाल्यांची खुर्ची, तिची पाठ खाटेकडे.

दोघांचं वाकडं काहीच नव्हतं, सरळ तरी काय होतं म्हणा. ते त्यांना 'आई' म्हणायचे आणि त्या त्यांना 'जावईबापू'. एकमेकांना अहोजाहो, औषध घेतलंत का, घेतलं, आज उकडतंय, हो ना. लेकीच्या घरी आपण राहतोय याचा सासूबाईंना इतका संकोच की पाणी पितानासुद्धा भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून जपायच्या. त्यांची कवळी जावयानंच बनवलेली होती आणि ती खालच्या बाजूला किंचित सैल झाली होती, बोलताना टक् असा आवाज यायचा. कवळीवाल्यांना तो आवाज पार खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ऐकू यायचा आणि आपल्याच कामाची लाज वाटायची. दुरुस्त करून देतो म्हटलं की त्या म्हणायच्या, छे, छान आहे की. अशी सगळी गोडीगुलाबी.

मग मेहुण्यानं मोठं घर घेतलं. फोन करून म्हणाला, आईसाठी वेगळी खोली काढलीय, आता ती माझ्याकडे राहील, लोक मला नावं ठेवतात. सासूबाई म्हणाल्या, तू म्हणशील तसं. बायको नवऱ्याला म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. कवळीवाले म्हणाले, आईंना बरं वाटेल तसं. प्रत्येकानं चेंडू शेजारच्याच्या अंगणात टाकला आणि शेवटी मेहुण्यानंच ठरवून टाकलं की सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी घेऊन येतो.

आता खरं सांगायचं तर कवळीवाल्यांना मनातून आनंद झाला होता. वाईट माणूस नव्हता हो, पण त्याला खोली हवी होती. खाट गेली की तिथं आरामखुर्ची कशी बसेल याचं माप त्यांनी डोळ्यांनीच घेऊन ठेवलं होतं. त्यातून वकिलानं त्याच सुमाराला आपला नवाकोरा, सगळ्यात वरच्या दर्जाचा हेडफोन त्यांना वापरायला दिला होता. तुझ्या जुन्याशी लावून बघ, म्हणाला, तुझे कान चांगले आहेत, तू म्हणशील ते खरं. एवढा मान कवळीवाल्यांना लॅबमध्ये कुणी दिला नव्हता. ते रोज संध्याकाळी बसायचे. नव्यात हवा, म्हणजे आवाजाचा मोकळेपणा, जास्त, जुन्यात गोडवा जास्त, इथवर यायचे आणि अडायचे. नेमक्या श्वासाच्या जागी सासूबाई खोकायच्या. मग हेडफोन काढायचा, त्यांचं खोकून होऊ द्यायचं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्यांनी वकिलाला सांगून टाकलं की खोली रिकामी झाली की नीट ऐकून सांगतो.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी बायको औषधांच्या दुकानात कामाला गेली होती. कवळीवाल्यांनी लॅब अर्ध्या दिवसानं बंद केली होती. सासूबाईंची बॅग भरून खाटेच्या पायाशी ठेवलेली, वर घडी केलेली शाल. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, म्हणजे झोपल्या असतील असं धरून कवळीवाले टेबलाशी बसले. नवा हेडफोन, पाऊण मिनिट. जुना, पाऊण मिनिट. पुन्हा नवा. बाईनं दुसरी हाक मारली आणि यांनी बटण दाबलं.

"जावईबापू, आज तरी तिला पुढं गाऊ द्या की."

कवळीवाल्यांना वाटलं, भास झाला. हेडफोन काढून त्यांनी मागं बघितलं. सासूबाई उठून बसल्या होत्या आणि चोरी पकडल्यासारखा चेहरा करून पदर सारखा करत होत्या. काही नाही, म्हणाल्या, चुकून बोलले, चालू द्या तुमचं.

"तुम्हाला ऐकू येतं हे?"

"न यायला काय झालं? मोडला तो खुबा. कान शाबूत आहेत माझे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिल्या आठवड्यापासून त्या ऐकत होत्या. खाटेवरून दुसरं करणार तरी काय? आवाज बारीक यायचा पण स्वच्छ यायचा, आणि जावईबापू पाठ करून बसायचे म्हणून ऐकायला संकोच वाटायचा नाही. गाण्यांना त्यांनी आपापली नावं ठेवली होती. एक नदीवरची बाई. एक घसा बसलेला म्हातारा. दोन व्हायोलिनवाले, जे एकमेकांशी भांडायला लागणार एवढ्यात जावईबापू त्यांना गप्प करतात. सगळ्यांची सुरुवात त्यांना तोंडपाठ होती आणि शेवट एकाचाही माहीत नव्हता. नदीवरच्या बाईचा तर त्यांना घोरच लागून राहिला होता. आज येईल, उद्या येईल म्हणून त्या वाट बघायच्या आणि बाई रोज तिथंच, दुसऱ्या हाकेला, पाण्यात पाय घालून उभी.

"आता मी उद्या जाणार," त्या म्हणाल्या, "म्हणून धीर केला. ती नाव परत येते का हो?"

खुर्ची डाव्या बाजूला करकरते हे कवळीवाल्यांना माहीत होतं. गाणारीच्या घशाशी थोडी सर्दी आहे हे माहीत होतं. तिसऱ्या तारेवर बोट सरकतं हेही माहीत होतं. नाव परत येते की नाही हे त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेसुद्धा आज पहिल्यांदा कळलं होतं.

मला नाही माहीत, असं त्यांनी सांगितलं तेव्हा सासूबाईंना वाटलं की जावई थट्टा करतोय. मग चेहरा बघून त्यांना पटलं. त्या इतक्या हसल्या की खोकला लागला, आणि कवळीवाले पाणी द्यायला उठले.

ऐकूया, ते म्हणाले. हेडफोन त्यांच्या डोक्याला लावायला गेले तर त्यांनी दोन्ही हात वर केले. लेक सांगते त्यात शेकडो व्होल्ट असतात, मला इथूनच बरं, सवय झालीय. मग दोन्हींपैकी कुठल्यावर लावू, असं कवळीवाल्यांनी सहज विचारलं.

"जुन्यावर लावा. नव्यावर ती जरा तोऱ्यात गाते."

कवळीवाले बघतच राहिले. इतके दिवस ते ज्या वाक्यासाठी डोकं खाजवत होते ते वाक्य खाटेवर पडलेलं होतं. नव्यात बाई लांब उभी होती, सुंदर, उजेडात, पण आपल्याकडे न बघता. अगदी तोऱ्यात. त्यांनी जुना हेडफोन उचलला, उशीवर उताणा ठेवला, आवाज चढवला आणि आपली खुर्ची फिरवून खाटेशी ओढली. शेगडीशी हात शेकत बसावं तसे दोघं त्या उशीच्या दोन बाजूंना बसले.

श्वास आला. तार वाजली. खुर्ची करकरली. पहिली हाक झाली, दुसरी झाली, आणि कवळीवाल्यांचं बोट सवयीनं बटणाकडे गेलं तशी सासूबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ढोल सुरू झाले. वाईट नव्हते ढोल. बाईनं तिसरी हाक मारली, नावाड्यानं नाव वळवली, काठाला आणली आणि विचारलं, बाई, कुठं जायचंय तुला? बाई म्हणाली, मला कुठं जायचंय रे, तुझ्या नावेतल्या माणसाचं पांघरूण माझ्याकडे राहिलं, पलीकडे थंडी आहे, एवढं त्याला दे. नाव गेली. मग बराच वेळ नुसती तार वाजत राहिली आणि बाई आपल्या घरी जाऊन चूल पेटवते तिथं गाणं संपलं.

ॲम्प्लिफायर तेवढा बारीक गुणगुणत होता.

"म्हणजे तिला जायचंच नव्हतं," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "आणि मी इतकी वर्षं तिला नावेत बसवायला बघत होते."

त्या पुन्हा हसल्या, पण या वेळी ते हसू मधेच अडकलं. कवळीवाल्यांची नजर खाटेच्या पायाशी ठेवलेल्या बॅगेवर गेली. घरात गेले कित्येक दिवस सगळं विचारून झालं होतं. गाडी किती वाजता, गोळ्या कुठल्या डब्यात, गादी मऊ हवी की कडक. एक गोष्ट कुणी विचारली नव्हती. त्यांनीही नाही, कारण त्यांना उत्तर नको होतं.

"आई, तुम्हाला जायचंय का?"

"असं विचारू नये, जावईबापू."

"का?"

"विचारलं की उत्तर द्यावं लागतं."

मग त्या चादरीची कड बोटांनी दुमडत बोलत राहिल्या. मुलगा बोलावतोय, प्रेमानं बोलावतोय, त्यानं खोलीला रंग दिलाय, त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं. आणि लेकीच्या घरी माणसानं किती राहायचं यालाही काही मर्यादा आहे. आणि तुम्हाला खोली हवीय. मला कुणी सांगितलं नाही, सांगायला कशाला हवं? मी खोकले की तुम्ही ते काढून ठेवता आणि पुन्हा पहिल्यापासून लावता. मग मी खोकला गिळते. तोंडात पदर धरते. पण रोज कुठं जमतं.

कवळीवाल्यांना काही दिवस आठवले, ज्या दिवशी आई अजिबात खोकल्या नव्हत्या. औषध लागू पडलं म्हणून ते खूश झाले होते, आणि मनासारखं ऐकून झाल्यावर लवकर झोपले होते. चहा टाकतो म्हणून ते उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि गॅस न पेटवताच ओट्याला धरून उभे राहिले. आपण एका म्हाताऱ्या बाईला खोकू दिलं नाही. त्यांना रडू आलं, आणि ते चांगलंच आलं.

संध्याकाळी बायको आल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून ऐकत राहिली. म्हणाली, मला वाटलं तुम्हाला खोली हवी आहे, म्हणून मी गप्प होते. हवी होती, ते म्हणाले. मग आता? त्यांनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली. तेव्हा तिनं डोळे पुसले आणि दुकानात औषधाचा डोस समजावते तसं एकेक करून समजावलं. मी दादाला सांगितलं तर तो म्हणेल बहिणीनं आईला अडकवून ठेवलं. आईनं सांगितलं तर त्याला वाटेल आईला मुलगा नको झाला, आणि आई ते जन्मात सांगणार नाही. सांगायचं तर तुम्हीच. तुम्हाला त्या हव्या आहेत असं तुमच्या तोंडून आलं पाहिजे, नाहीतर आई इथं राहूनही पाहुणीच राहील.

मेहुण्यासमोर कवळीवाल्यांनी आजवर चहात साखर कमी आहे एवढंसुद्धा बोलून दाखवलं नव्हतं. मेहुणा दांडगा, बोलका, खांद्यावर थाप मारणारा. त्याच्या शब्दाला मान देणं हाच कवळीवाल्यांचा त्याच्याशी सगळा संबंध.

तेवढ्यात वकिलाचा फोन आला. काय मग, लागला का निकाल? कवळीवाले म्हणाले, तुझा नवा घेऊन जा, मला जुनाच बरा. का ते विचारलं तर म्हणाले, तुझ्या नव्यावर ती बाई तोऱ्यात गाते. वकील खवळणार असं वाटलं होतं, पण तो विचारात पडला. म्हणाला, हो रे, आहे थोडी तशी. मग कवळीवाल्यांनी सांगितलं की आज ते गाणं पूर्ण ऐकलं.

"शेवटी काय होतं रे?" वकिलानं हळूच विचारलं.

रात्रभर कवळीवाल्यांनी मेहुण्याशी मनातल्या मनात भाषणं केली आणि सगळ्यांत मेहुणाच जिंकला.

सकाळी मेहुणा वेळेआधी आला. खाली गाडीवाला थांबलेला. मेहुण्याच्या हातात एक नवी उशी होती, गाडीत आईच्या खुब्याला धक्का बसू नये म्हणून मुद्दाम आणलेली. घामाघूम झाला होता आणि लहान मुलासारखा खुशीत होता. रंगाचा वास पूर्ण गेलाय, म्हणाला, आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, पलंग असा लावलाय की तुला झाड दिसेल. हे ऐकताना कवळीवाल्यांचं उरलंसुरलं अवसान गेलं. समोरचा माणूस दुष्ट असता तर किती सोपं होतं. मेहुण्यानं चहाला नको म्हटलं, गाडीवाला थांबलाय म्हणाला, आणि बॅग उचलली. बायको नवऱ्याकडे बघत होती. नवरा कॅलेंडरकडे बघत होता.

सासूबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या, भिंतीला धरून त्यांनी चपला घातल्या. वळून म्हणाल्या, जावईबापू, येते हं, तुम्हाला फार त्रास दिला. कवळी टक् वाजली.

"आईंना नेऊ नका," कवळीवाले म्हणाले.

मेहुणा हसला. त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, तुम्ही असं म्हणणारच, चांगल्या घरातले आहात, पण खूप केलंत, आता माझी पाळी. म्हणजे त्यानं ते रीत म्हणून घेतलं. इतकी वर्षं कवळीवाले रीतीचंच बोलत आले होते, आता खरं बोलले तरी ओळखायचं कुणी आणि कसं?

"रीत म्हणून नाही म्हणत मी. मला त्या इथं हव्या आहेत."

मेहुण्याचं हसू गेलं. तुम्हाला तर खोली हवी होती ना, त्यानं विचारलं, हीच बोलली होती एकदा. बायकोनं मान खाली घातली.

"हवी होती," कवळीवाले म्हणाले. "मी वाट बघत होतो त्या कधी जातात याची. खरं तेच सांगतो. पण काल आम्ही दोघांनी मिळून एक गाणं ऐकलं, पूर्ण. मला एकट्याला नाही ऐकता येत पूर्ण. मी मधेच बंद करतो. अजून पुष्कळ गाणी राहिलीत आमची."

हे काय कारण झालं? एखाद्या वकिलानं कोर्टात असं कारण दिलं असतं तर त्याला घरी पाठवलं असतं. मेहुणा कवळीवाल्यांकडे बघत राहिला, मग बहिणीकडे, आणि शेवटी बॅग हातात तशीच धरून आईकडे वळला. आई, तू सांग, म्हणाला. माझ्याकडे बघून सांग.

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. त्याच्या घामेजलेल्या चेहऱ्यावर हात फिरवावा म्हणून हात उचलला, पण त्या हातात काठी होती.

"मला इथं करमतं रे," त्या म्हणाल्या.

मेहुण्यानं बॅग खाली ठेवली. रंग तुला विचारून द्यायला हवा होता, एवढंच तो पुटपुटला आणि नवी उशी काखेत धरून जिना उतरून गेला. कुणी कुणाकडे बघेना. बायको तोंडावर हात घेऊन रडत होती. कवळीवाल्यांना वाटलं, आपण एका बाईला ठेवून घेतलं आणि तिचा मुलगा घालवला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, ती मागे वळली, लांब गेली. मग जिन्यावर पावलं वाजायला लागली. मेहुणा वर आला, उशी अजून काखेत.

"गाडी परत पाठवली," तो बहिणीला म्हणाला. "आता टाक चहा. आणि कसली गाणी ऐकता तुम्ही लोक, ते मला पण ऐकू द्या."

सासूबाई अजून दारातच उभ्या होत्या. त्यांनी एकेक करून चपला काढल्या आणि आत आल्या.